सुभेदारकाका, तुमच्यामुळे मला छावणी कळली

आदरणीय सुभेदारकाका,
सा. न. वि. वि.

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या (१८६१ ते १८६५) साध्या शिपायाच्या छावणीवरचा माझा एम. ए.चा प्रकल्प शिवाजी विद्यापीठात सादर झाला. त्यात तुमचा वाटा किती मोठा आहे, हे चारचौघांत सांगावंसं वाटलं, म्हणून हे जाहीर पत्र.

पहाटेची हजेरी, दिवसभराची कवायत, दोघांनी अर्धा-अर्धा वाहून आणलेला आणि बटणांनी जोडलेला तंबू, सगळं मी टिपून ठेवलं होतं. रंकाळ्याच्या कट्ट्यावर तुम्ही ते वाचलंत आणि विचारलंत, "पोरी, पाणी कुठनं आणत होते? आणि संडासाचे चर कुठं खणलेले?" मग माझ्याच कागदाच्या पाठीवर उतार, ओढा, लंगर (म्हणजे स्वयंपाकाची जागा) आणि चर काढून दाखवलेत. चर ओढ्याच्या वरच्या अंगाला आला की काय होतं, हे त्या चार रेघांत दिसलं. त्या युद्धात लढाईत पडले त्याच्या जवळपास दुप्पट शिपाई जुलाब, विषमज्वर अशा रोगांनी गेले. हा आकडा मला पाठ होता, पण तो मी पहिल्या पानावर आणला तो तुमच्यामुळे.

पीठ-पाण्याच्या कडक बिस्किटाबद्दलही तसंच. शिपाई ते बंदुकीच्या दस्त्यानं फोडून गरम कॉफीत टाकत. किडे वर तरंगले की चमच्यानं काढून कॉफी पीत. मला किळस आली होती. तुम्ही म्हणालात, "गरम मिळत होतं ना? मग पहाऱ्यावरच्या माणसाला तेवढं पुष्कळ." सियाचीनला राहून आलेला माणूसच हे इतक्या सहज बोलू शकतो.

१८६३ च्या सुरुवातीला जनरल हूकरनं उत्तरेच्या पोटोमॅक सेनेला ताजा पाव, भाजी आणि पाळीपाळीनं रजा द्यायला सुरुवात केली, हे वाचून दाखवल्यावर तुम्ही लगेच म्हणालात, "मग पळून जाणारे कमी झाले असतील." खरंच झाले होते! रजेचं मोल मला कुठल्या पुस्तकातून एवढं कळलं नसतं.

गुडघे दुखत असतानाही तुम्ही दर वेळी आलात, काकूंनी चहा-पोहे दिले. दोघांचीही मी मनापासून ऋणी आहे.

प्रकल्पाची प्रत येत्या रविवारी घरी आणून देते. शिपायांच्या घरच्या पत्रांवर पुढचं लिखाण सुरू केलंय, त्याचे प्रश्न सोबत आणतेय. वेळ काढून ठेवा.

आपली,
इतिहासाची विद्यार्थिनी, कोल्हापूर