मनू, पुस्तक वाचून झालं

सातारा, रविवार

प्रिय मनू,

समोरासमोर बोलायला बसलं की माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतेस. तू निघालीस त्या दिवशीही तेच झालं, म्हणून लिहायला बसले आहे. उपदेश करणार नाही.

तू शिलाई मशीनवर मुद्दाम ठेवून गेलीस ते पुस्तक वाचलं. अ‍ॅलिस वॉकरचं 'द कलर पर्पल'. १९८२ चं, पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. गोष्ट सांगणाऱ्या सीलीची बोली आधी डोक्यावरून गेली. मग मोठ्याने वाचायला लागले, तेव्हा कळू लागली.

चौदा वर्षांची पोर. ज्याला बाप म्हणायचं तोच तिच्यावर अत्याचार करतो आणि तिला बजावलं जातं, देवाशिवाय कोणाला सांगायचं नाही. म्हणून ती देवालाच पत्रं लिहिते. खाली सही नाही, उत्तराची आशा नाही. त्या पानाशी मी अडले. तू कोणाला सांगत होतीस गं इतकी वर्षं? देवावर तर तुझा विश्वास नाही. रात्री उशीत तोंड खुपसून झोपायचीस ते यासाठीच का? जाऊ दे, हे विचारणार नव्हते.

सीलीची बहीण नेटी आफ्रिकेतून पत्रं पाठवत राहते आणि सीलीचा नवरा ती ट्रंकेत लपवून ठेवतो. वर्षानुवर्षं. सीलीला वाटतं, बहीण मेली असेल. शग, म्हणजे नवऱ्याची जुनी प्रेयसी, गाणारी बाई, ती पत्रं शोधून काढते. दोघी चुलीवर किटली ठेवून वाफेवर पाकिटं उघडतात, पत्रं काढून घेतात आणि रिकामी पाकिटं होती तशी परत ट्रंकेत ठेवतात. ते वाचताना मला आक्का आठवली. सासरहून तिचं निळं आंतर्देशीय पत्र आलं की आप्पा ते आधी स्वतः वाचायचे, मग ओटीवर बसून सगळ्यांना वाचून दाखवायचे. 'येथील सर्व क्षेम', पावसाची हकिकत, आईला नमस्कार. तिला ठाऊक होतं पत्र कोणाच्या हातात पडणार ते. तिथे ती काय सोसत होती ते आम्हाला ती माघारी आली तेव्हा समजलं. आईने ती सगळी पत्रं पेटीच्या तळाशी जपून ठेवली होती. त्यांत आक्का कुठेच नव्हती.

शग आणि सीलीची पानं मी दुपारी, घरात कोणी नसताना वाचली. शग तिच्या हातात आरसा देते आणि म्हणते, बघ स्वतःला. ज्या अंगाला मार आणि कष्ट यांपलीकडे काही माहीत नाही, त्यालाही सुख मागायचा हक्क आहे, हे तिला एक बाई शिकवते. मी पान उलटलं, परत मागे आले, पुन्हा वाचलं. मला त्यात घाण काही दिसलं नाही, मनू. एवढं तुला सांगायचं होतं.

पुढे सीली देवाला सोडून बहिणीला लिहायला लागते. पॅन्ट शिवते, मेम्फिसला स्वतःचा धंदा काढते आणि पत्राखाली नाव, धंदा, पत्ता सगळं ठसठशीत घालते. नवऱ्याच्या गळ्यावर वस्तरा फिरवायला निघालेला तो हात सुई धरतो. तू पहिल्या पगारातून मला हे मशीन आणलंस, त्याची आठवण झाली. तेव्हा आळीभर सांगत फिरले होते.

पण शग तिला सोडून एका पोरासोबत निघून जाते, ते का वाचायला दिलंस? उद्या तुझी ती गेली तर? सीली त्यातूनही उभी राहते, हे मी वाचलं आहे. तरी बंगळुरात तू आजारी पडलीस तर दवाखान्याच्या फॉर्मवर 'नातं' म्हणून ती काय लिहिणार? २०१८ साली सुप्रीम कोर्टाने असं नातं गुन्हा नाही म्हटलं, पण २०२३ मध्ये लग्नाचा हक्क दिला नाही. मग म्हातारपणी तुझं कोण? भाड्याचं घर, घरमालक, शेजारी... आर्थिक बाजू भक्कम ठेव, विम्याचे कागद नीट लाव, ऑफिसात कोणालाही विश्वासात घेऊ नकोस, आणि... झालंच सुरू माझं. रागावू नकोस. तुला घाबरत नाही मी, तू एकटी पडशील याला घाबरते.

काकूने आणलेलं कऱ्हाडचं स्थळ मी नको म्हणून कळवलं आहे. कारण दिलं नाही. बाबांशी मीच बोलेन, जरा वेळ दे. त्यांची बीपीची गोळी नुकतीच बदलली आहे. गणपतीला दोघी या, असं लिहायला हात अजून धजत नाही.

तिचं नाव तू अजून सांगितलं नाहीस. ते कळव, आणि तिचा नंबर दे. रात्री तुझा फोन लागला नाही तर मला कोणाला तरी विचारता यायला हवं.

तुझी,
आई