समुद्राशी पुन्हा गट्टी जमवून देणाऱ्या जीवरक्षकाला

प्रिय दादा,

वयाने तुम्ही माझ्यापेक्षा लहानच असाल, तरी दादा म्हणते. माझी धाकटी तुम्हाला ‘शिट्टीवाले काका’ म्हणायची, तेही तुमच्या कानावर गेलं असेल. तिथे आपण मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी बोललो. निघताना गडबडीत जे ‘थँक यू’ म्हटलं, ते माझं मलाच फार तोकडं वाटलं. मनापासून आभार मानायचे तर ते मला माझ्याच भाषेत मानता येतात. कुणाकडून तरी हे पत्र वाचून घ्याल, अशी आशा आहे. आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण मुलांना घेऊन समुद्रावर जाणाऱ्या इतर आईबापांनीही ते वाचावं असं वाटतं.

नऊ दिवसांच्या सुट्टीतला तो सातवा दिवस होता. पहिल्या दिवशी मुलांचे दंड घट्ट धरून पाण्यात उतरणारी मी, सातव्या दिवशी छत्रीखाली बसून होते. डोक्यात परतीचे विचार सुरू झाले होते. ओले कपडे कधी वाळणार, बॅगा आज भरायच्या की उद्या, बोट किती वाजता सुटते. मुलं समोरच खेळत होती, तुमच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये. निदान मला तसं वाटत होतं. पाणी त्यांना हळूहळू बाजूला सरकवत होतं आणि एक झेंडा केव्हाच मागे पडला होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

लाटा धाकटीला सारख्या पाडत होत्या, ती रडकुंडीला आली होती. तेव्हा मीच ओरडून सांगितलं, “अरे, तिकडे जा ना, तिकडे पाणी शांत आहे!” बोट मीच दाखवलं. दोन्हीकडे लाटा फुटून फेस उसळत होता आणि मध्ये दहा-पंधरा पावलांचा एक पट्टा अगदी गुळगुळीत, जरा गडद रंगाचा होता. मला वाटलं, मुलांना खेळायला हीच जागा बरी. थोरला पुढे झाला. धाकटीला वाळूत एक शिंपला दिसला आणि ती तो उचलायला वाकली. तेवढ्यानेच ती मागे राहिली.

थोरला ओरडला असता तर मला कळलं असतं. पण तो ओरडलाच नाही. मला दिसत होतं ते फक्त त्याचं डोकं, जरा मागे झुकलेलं, आणि दोन्ही बाजूंना पाण्यावर दाबल्यासारखे चाललेले हात. मला वाटलं, खेळतोय. तुम्ही मात्र तोवर मनोऱ्यावरून उडी टाकली होती. शिट्टी मी नंतर ऐकली. बुडणारं माणूस हात हलवून, हाका मारून मदत मागतं, असंच आयुष्यभर वाटत आलं होतं. पण तोंड जेमतेम पाण्यावर येत असतं, मिळेल तेवढा श्वास आत घेण्यातच सगळा जीव गुंतलेला असतो, हाक मारायला श्वास उरतोच कुठे? हे तुम्ही मला नंतर समजावलंत. अशा अवस्थेतलं माणूस पाण्यावर टिकतं ते वीस सेकंद, फार तर मिनिटभर. मी ज्याला खेळ समजत होते, त्यातच त्यातली किती सेकंदं गेली असतील, हे अजूनही रात्री आठवतं.

यांनी पाण्याकडे धाव घेतली, तर तुमच्या जोडीदाराने त्यांना कंबरेला मिठी मारून अडवलं. तेव्हा ते फार संतापले होते, त्या भल्या माणसाला नको नको ते बोलले. त्याबद्दल दोघांच्याही वतीने मी क्षमा मागते. संध्याकाळी तुम्ही शांतपणे सांगितलंत की कित्येकदा मूल वाचतं आणि त्याच्यामागे रिकाम्या हातांनी उडी घेतलेला बाप बुडतो. हातात तरंगणारं काही असल्याशिवाय जायचं नाही. ते नसेल तर किनाऱ्यावरून काहीतरी फेकायचं आणि जीवरक्षकाला बोलवायचं. यांनी ते ऐकून मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही.

तुम्ही त्याच्यापर्यंत पोचलात, ती केशरी नळी त्याच्या काखेत अडकवलीत आणि मग माझं काळीज लककन हललं, कारण तुम्ही किनाऱ्याकडे येईनातच. दोघं आणखी लांब जाताना दिसलात. मी वाळूत गुडघ्यांवर बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, हा माणूस माझ्या पोराला कुठे घेऊन चाललाय? प्रवाहाशी झुंजायचं नसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही त्याला पाठीवर झोपवलंत, प्रवाहाला नेऊ दिलंत, त्याचा जोर सरल्यावर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला गेलात, आणि लाटा फुटत होत्या त्या भागातून परत आलात. ज्या लाटांना घाबरून मी मुलांना बाजूला पाठवलं, त्याच लाटांनी त्याला किनाऱ्याला आणून सोडलं.

त्याला खोकल्याची उबळ आली, तो भडभडून ओकला आणि मग रडला. ते रडणं ऐकून माझ्या जिवात जीव आला. तुम्ही त्याला कुशीवर वळवून धरलंत, नर्सताईंना बोलावलंत, आणि “आता बरा आहे” म्हणून आम्हाला मोकळं सोडलं नाहीत. नाकातोंडात पाणी गेलंय, पुढचे काही तास लक्ष ठेवा. खोकला थांबला नाही, श्वास भराभर चालला किंवा पोर विचित्र पेंगुळलं तर लगेच डॉक्टरकडे न्या, असं दोनदा बजावलंत. ती रात्र मी त्याच्या छातीवर हात ठेवून काढली. रात्री तुम्ही खोलीच्या दाराशी येऊन गेलात, दार न वाजवता फक्त खिडकीतून खुणेने विचारलंत, आणि मीही खुणेनेच ‘ठीक आहे’ म्हटलं.

इथपर्यंतचे आभार कुठल्याही आईने मानले असते. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या दोन दिवसांबद्दल.

आठव्या दिवशी थोरला खोलीबाहेर पडेना. आधीचे सहा दिवस उजाडायच्या आत वाळूत पळणारं पोर, पण त्या सकाळी त्याने समुद्राकडच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. धाकटीने जाहीर करून टाकलं, “दादाची समुद्राशी कट्टी झालीय.” आम्ही दोघांनी ठरवलं, राहू दे, उगाच जबरदस्ती नको. आता वाटतं, तसंच परतलो असतो तर ही कट्टी जन्मभराची झाली असती.

तुम्ही संध्याकाळी, ड्यूटी संपल्यावर आलात. पाण्याचं नावही काढलं नाहीत. म्हणालात, “मला एक काम आहे, मदत करशील?” आणि त्याला थेट मनोऱ्यावर नेलंत. स्वतःचा गॉगल काढून त्याच्या डोळ्यांवर लावलात. तो त्याला मोठा होत होता, सारखा नाकावरून घसरत होता, म्हणून एका हाताने धरून तो बघत होता. वरून तो गडद पट्टा स्वच्छ दिसत होता. खाली उतरल्यावर तुम्ही पायाच्या अंगठ्याने ओल्या वाळूत नकाशा काढलात. ही प्रवाळाची भिंत. लाटा तिच्यावरून आत येतात आणि पाणी आत साठत जातं. आल्या वाटेने ते परत जाऊ शकत नाही, मागून लाटा येतच असतात. मग ते बाहेर पडतं भिंतीतल्या या खिंडीतून. खिंड खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही, म्हणून ती शांत दिसते. त्यात आदल्या दिवशी ओहोटी होती, तीही पौर्णिमेनंतरच्या उधाणाची. आत साठलेलं सगळं पाणी एकाच दाराने बाहेर पडत होतं. असा प्रवाह जोरात असला तर सेकंदाला दोन मीटरच्याही वर जातो, म्हणजे ऑलिंपिकमधल्या पोहणाऱ्यालाही त्याच्याविरुद्ध जाता येत नाही, हे सांगताना तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “शांत पाणी बघून सगळ्यांना तिकडेच जावंसं वाटतं.” माझ्या बोट दाखवण्याबद्दल तुम्ही बोललात ते एवढंच. त्या वाक्याने माझ्या मनावरचं किती ओझं उतरलं, ते तुम्हाला कळलं असेल की नाही, कोण जाणे.

मग तुम्ही त्याच्या हातात माडाच्या वाळक्या झावळीचा एक तुकडा दिलात आणि पाण्यात टाकायला लावलात. तुकडा आधी किनाऱ्याकडेने सरकत गेला, खिंडीशी आला, वळला आणि सरळ बाहेर निघाला. आम्ही पाचही जण तो दिसेनासा होईपर्यंत बघत उभे होतो. तेव्हा थोरला आदल्या दुपारनंतर पहिल्यांदा आपणहून बोलला, “म्हणजे पाणी मला खाली ओढत नव्हतं?” तुम्ही म्हणालात, “नाही. फक्त बाहेर नेत होतं. तरंगत राहिलास तर ते तुला बुडवत नाही.” त्याचा चेहरा मी बघत होते. रात्रभर त्याच्या मनात खालून पाय ओढणारं काहीतरी होतं. ते त्या क्षणी गेलं.

नवव्या दिवशी सकाळी सहाला, तुमची ड्यूटी सुरू व्हायच्या आधी, तो स्वतः उठून तयार झाला. आधी घोटाभर पाण्यात, मग गुडघाभर, मग कंबरभर. घाई तुम्ही एकदाही केली नाहीत. तो मागे फिरला की तुम्हीही मागे फिरत होतात. मग त्याला पाठीवर झोपवलंत. कान पाण्याखाली जाऊ दे, हनुवटी वर, पोट वर, छातीत हवा भरून घे. तुमचा तळवा त्याच्या डोक्याखाली होता. थोड्या वेळाने तळव्याची दोनच बोटं उरली. मग तीही तुम्ही काढून घेतलीत, आणि हात पाण्यावर वर धरून आम्हाला दाखवलात. त्याचे डोळे मिटलेले, त्याला काही पत्ता नाही. धाकटी किनाऱ्यावरून आकडे मोजत होती, चाळीसपर्यंत पोचली आणि मग तिलाच राहवलं नाही, “दादा, तू एकटाच तरंगतोयस!” म्हणून किंचाळली.

त्यानंतर तुम्ही दोघांना खुणा शिकवल्यात. एक हात सरळ वर करून ठेवला, म्हणजे मदत हवी. दोन्ही हात डोक्यावर नेऊन गोल केला, म्हणजे मी ठीक आहे. घरी आल्यापासून ती गोलाची खूण आमच्याकडे दिवसभर चाललेली असते.

परतल्यावर मी या विषयावर बरंच वाचत बसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. पाच ते चौदा वयाच्या मुलांच्या मृत्यूंच्या कारणांत बुडणं तिसरं आहे. माझा थोरला अकरा वर्षांचा आहे, त्यामुळे ती ओळ मला पुढे वाचवेना. २५ जुलै हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी बुडण्यापासूनच्या बचावासाठी ठरवलाय, हेही तेव्हाच कळलं. त्या दिवशी मुलांच्या शाळेत जाऊन मी वाळूतला तुमचा नकाशा फळ्यावर काढणार आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेतलीय.

निघायच्या वेळी आम्ही तुम्हाला शोधत होतो. तुम्ही धक्क्यावर आला नाहीत याचं मला आधी वाईट वाटलं. मग बोट वळली आणि मनोरा दिसला. तुम्ही वर बसला होतात, पाण्यात दहा-बाराजण होते आणि तुमचे डोळे त्यांच्यावर. थोरल्याने निरोपासाठी एक हात वर केला, पण लगेच काही आठवून झटकन खाली घेतला. मग बाकावर उभा राहून त्याने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मोठा गोल केला. तुम्ही मान वळवली नाहीत. पाण्यावरची नजर जराही न हलवता तुमचेही दोन्ही हात डोक्यावर गेले.

तुमची ऋणी,
दोन मुलांची आई