श्रवणयंत्र हरवले की वाली कोण?

महोदय,

लक्ष्मी रोडला हेल्मेट काढताना आमच्या ह्यांचे कानामागचे श्रवणयंत्र उडाले आणि गर्दीत गेले ते गेलेच. जोडी पाऊण लाखाची. विम्याचे विचारले, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काकू, चष्मा आणि श्रवणयंत्र मेडिक्लेममध्ये धरत नाहीत." वॉरंटी आहे, पण ती बिघडण्याची, हरवण्याची नव्हे. मोबाइलचा विमा दुकानातच गळ्यात मारतात. इथे मात्र सगळ्यांनी हात वर केले!

सापडणाऱ्यालाही त्याचा उपयोग शून्य. ते ज्याच्या त्याच्या ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाप्रमाणे, जुळवलेले असते आणि त्यातला छोटा सेल आठवडा-दोन आठवड्यांत संपतो. झाडूवाल्याला ती प्लास्टिकची शेंग काय म्हणून ओळखू येणार?

घरसामानाच्या विम्याला बाहेर नेण्याच्या किमती वस्तूंसाठी 'ऑल रिस्क' अशी जोड मिळू शकते. तीत श्रवणयंत्र बसते का, हे लेखी विचारून घ्यावे. तोंडी 'हो'वर जाऊ नये. बिल आणि यंत्रावरचा नंबर जपावा. यंत्रात ब्लूटूथ असेल तर त्याचा मोबाइलशी संपर्क शेवटचा कुठे होता, हे काही अ‍ॅप दाखवतात. शर्टाला अडकवायची दोरी-क्लिपही मिळते. ती लहान मुलांसाठी, असे म्हणून हे नाक मुरडतात, तो भाग वेगळा.

विक्रेत्यांनी यंत्र विकतानाच हरवण्याचा विमा द्यावा आणि विमा नियामकाने कंपन्यांना तशी पॉलिसी काढायला लावावी.

एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे