गुरांच्या डॉक्टरसाहेबांना जाहीर आभारपत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,
स. न. वि. वि.

आपली सिन्नरहून बदली झाली तेव्हा नीट भेटही झाली नाही, म्हणून मनात राहिलेले आभार आता चारचौघांत मानतो.

मांसासाठी मेंढ्या पाळायच्या म्हटले की आमच्याकडे आधी थोराड मेंढ्याचा शोध सुरू होतो. आपण मात्र दख्खनी मेंढ्याच ठेवायला लावल्यात, कारण तालुक्याच्या कोरडवाहू पूर्व भागात बाभळीच्या शेंगांवर आणि सोंगणी झालेल्या रानांवर तग धरणारी, दिवसभर चालूनही वेळेवर गाभण राहणारी जात हीच. त्यांच्यावर सोडण्यासाठी आपण नारी सुवर्णचा मेंढा सुचवलात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील जुळी होण्याचे जनुक दख्खनीत उतरवून ही जात तयार केली आहे. मात्र जुळ्यांना पुरेल एवढे दूध हवे असेल तर गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात खुराक वाढवलाच पाहिजे, हेही आपण बजावलेत. मेंढा विकणारे हे सहसा सांगत नाहीत.

खरे ऋण आहे ते द्राक्षाच्या पाल्याचे. छाटणीनंतर बागाईतदार पाला फुकट नेऊ देतात, आणि फुकटचा चारा कोण सोडतो? आपण एक पान उजेडात धरून त्यावरचे निळसर डाग दाखवलेत. ते बुरशीसाठी बागेवर फवारतात त्या बोर्डो मिश्रणातले मोरचूद होते. त्यातले तांबे मेंढीच्या यकृतात साचत जाते, गाईला किंवा शेळीला सोसते तेवढे तिला सोसत नाही, आणि वरून धडधाकट दिसणारी मेंढी एके दिवशी अचानक तांबडे मुतू लागते, तोवर उपचाराची वेळ बहुधा टळून गेलेली असते. गाईंचे क्षारमिश्रण मेंढ्यांना का घालू नये, याचाही उलगडा तेव्हाच झाला.

जंताचे औषध सगळ्या कळपाला सरसकट पाजण्याऐवजी खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहायची आणि फिकी दिसेल तिलाच ते द्यायचे, ही आपली रीत आता घरातली पोरेही पाळतात. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घेतो.

यंदा द्राक्षाच्या गोडीबार (फळांसाठीच्या) छाटणीच्या आधी आपण एक दिवस काढून इकडे यावे, कारण शेजारच्या वाड्यांवर अजूनही बागेतला पाला भाऱ्यांनी येतो आणि आमच्या सांगण्यापेक्षा आपल्या शब्दाला तिथे अधिक मान आहे.

आपला नम्र,
सिन्नर तालुक्यातील एक मेंढीपालक