अण्णांचं रक्त जुळेना

प्रिय सुमे,

तुझ्या पत्राला उत्तर नाही, फोन नाही, म्हणून चिडली असशील. चिड, पण आधी हे वाच. घरी सगळे बरे, माझी कंबर अधूनमधून धरते, तेवढंच. काळजी अण्णांची आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

त्यांच्या यकृतात पाण्याची मोठी गाठ निघाली. हायडॅटिड. जन्म मेंढरांमागे गेला, कुत्रं सतत पायाशी. कुत्र्याच्या आतड्यातला काही मिलिमीटरचा तो पट्टकृमी, त्याची अंडी कधी पोटात गेली कोण जाणे. कृमीवरचं अल्बेंडाझोल चालू आहे, मंगळवारी ऑपरेशन. सर्जनना रक्ताच्या दोन पिशव्या तयार हव्यात.

क्रॉसमॅच, म्हणजे अण्णांचं सीरम (रक्तातला पातळ भाग) दात्याच्या पेशींशी जुळतं का ती तपासणी, मीच लावली. ओ पॉझिटिव्ह माणूस, अडणार काय? पण रूम टेंपरेचरला दोन्ही पिशव्यांच्या पेशी अशा चिकटल्या की नळी हलवली तरी तळाचं लाल बटण सुटेना. नळी मुठीत धरून ऊब दिली तशा हळूहळू मोकळ्या झाल्या. पॅनल लावलं, म्हणजे गट ठाऊक असलेल्या पेशींवर तेच सीरम तपासलं, तर अँटी-पी१, पी१ या रक्तगटाच्या खुणेविरुद्धची अँटीबॉडी! अण्णा स्वतः पी१ निगेटिव्ह, त्यांच्या पेशींवर ती खूण नाही.

आठवतं? हायडॅटिडच्या पाण्यात पी१चा पदार्थ असतो हे कॅमेरॉन आणि स्टेव्हलींनी १९५७ साली दाखवलं. व्हायव्हात प्रश्न तुला आला, उत्तर मी कुजबुजले आणि मार्क पडले तुला. ते मी अजून सोडलेलं नाही हं!

१९२७ साली लँडस्टायनर आणि लेव्हिनना माणसाच्या पेशींवर सापडलेला पी, म्हणजे आताचा पी१, तो कबुतराच्या अंड्याच्या पांढऱ्यातही आहे, गांडुळातही. तुझ्या माहेरच्या बाजूला, गिमवीत जो शिस्टोसोमा हा रक्तातला कृमी सापडला, त्याचा भाऊबंद मॅन्सोनी तर आपलेच ए-बी रक्तगटाचे पदार्थ अंगावर पांघरून रक्तात लपतो. अण्णांच्या गाठीतला किडा उसनंही घेत नाही, पी१ची साखर स्वतःच बनवतो. अण्णांचं शरीर तिच्याविरुद्ध झुंजत बसलंय, आणि त्यात अडते बिचाऱ्या रक्तदात्याची पिशवी. मला याचा फार राग येतो गं.

३७ डिग्रीला सगळं निगेटिव्ह आहे, अँटीबॉडी पेशींना गुपचूप चिकटली असेल तर दाखवणाऱ्या कूम्ब्स टेस्टलाही. अँटी-पी१ ही थंडीतली अँटीबॉडी, ३७ला जुळलं तर रक्त द्यावं, हे मी पोरांना रोज शिकवते. दुसऱ्या कुणाचे वडील असते तर निर्धास्त पिशवी दिली असती. पण थिएटर गार, पोट उघडं, रक्त फ्रीजमधून आलेलं. रक्त कोमट करणारा वॉर्मर लावायला सांगितलंय, तरी झोप लागत नाही. शिवाय गाठ फुटून पाणी पोटात सांडलं तर त्याची रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते, ती धास्ती वेगळीच. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती फक्त विचारते, “जुळलं का गं?”

तुझी बदली झाली ते कळलं, अभिनंदन. चिनूच्या दहावीचं काय ठरलं? सविस्तर नंतर बोलू.

आता काम. अण्णांचं सीरम भाच्याबरोबर पाठवतेय. माझी ३७ची टेस्ट तू स्वतःच्या हाताने पुन्हा लाव. आणि तुमच्याकडच्या ओ पिशव्यांवर तेच सीरम रूम टेंपरेचरला घालून बघ. ज्या चिकटणार नाहीत त्या पी१ निगेटिव्ह. इतका जोरदार अँटी-पी१ विकत आणूनही मिळायचा नाही. दोन निघाल्या तर माझ्यासाठी बाजूला ठेव, क्रॉसमॅच मी इथे लावीन. कितीही रात्र झाली तरी फोन कर.

तुझी,
मंदा