‘ते डोळे कुणाचे’ हे सांगणाऱ्या सुभेदार आबांना

ती. आबा,
सा. न. वि. वि.

शाळेनं शाल-श्रीफळ देऊन तुमचा सत्कार करायचं ठरवलं, तेव्हा तुम्ही निरोप पाठवलात, “आमचं काय ते पलटणीनं केलंय, आता पोरांना खाऊ द्या.” म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुम्हाला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. रागवायचं झालं तर वर्गात येऊन रागवा. मुलांना तुमचं रागावणं फार आवडतं.

वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. आमच्या समूहगानात यंदा ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ घेतलं होतं. कुसुमाग्रजांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल, लतादीदींचा आवाज. शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजर सहा सरदारांसह नेसरीच्या खिंडीत शत्रूवर तुटून पडले, त्याचं हे गाणं. कोल्हापुरात हे गाणं कुणाला शिकवावं लागत नाही. शिवजयंतीला प्रत्येक पेठेतल्या मंडळाच्या स्पीकरवर ते वाजतं आणि पोरं पाळण्यातून ऐकत मोठी होतात. अडचण तीच. इतकं पाठ असल्यावर अर्थाकडे बघतो कोण? पण सातवीतल्या एका पोरीनं मध्येच हात वर केला. “बाई, ‘ते फिरता बाजूस’ म्हणजे कोण फिरलं? महाराज की प्रतापराव?” मी हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत नेला, तर चहा संपेपर्यंत तीन उत्तरं तयार झाली आणि तिघंही आपापल्या जागी ठाम.

मग कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, मूळचे नेसरीकडचे, म्हणजे ज्या खिंडीत हे घडलं तिथल्याच मातीतले.

तुम्ही आलात ते मूळ कविता वहीत उतरवून. आणि पहिलंच वाक्य बोललात, “बाई, तुम्ही जे गाताय ते अर्धं हाय. आधी एक पत्र हाय, ते गाण्यात घेतलेलं न्हाई.” कविता सुरूच होते ती महाराजांच्या पत्रानं. ‘श्रुती धन्य जाहल्या’, तुमची वार्ता ऐकून आमचे कान धन्य झाले. एका मुलाला वाटलं, महाराज शाबासकी देतायत. तुम्ही हसलात आणि त्याला विचारलंत, “तुझ्या बाबांनी गुणपत्रक बघून ‘वा, घराण्याचं नाव काढलंस’ म्हटलं, तर तू पेढं मागशील व्हय?” वर्ग हसला, आणि पुढचं कडवं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पत्राचं एकेक अक्षर प्रतापरावाला जाळत जातं, भुवई चढते, दात ओठ दाबतात, डोळ्यांचे काठ ओलावतात. मग तो म्हणतो, काल पाठ दाखवली असली तरी आज असा धावतो. आणि त्यानंतर येतात ते ओले डोळे. ‘ते’ म्हणजे माणूस नव्हे, डोळे. सरनोबतानं, म्हणजे सेनापतीनं, हुकूम सोडला नाही, ‘कोण येतंय माझ्याबरोबर’ असंही विचारलं नाही. नुसती नजर बाजूला गेली आणि सहा सरदार उठले.

इतिहास आणि कविता यांची गल्लत करू नका, हेही तुम्ही बजावलंत, ते मला फार मोलाचं वाटलं. कवितेतलं सैन्य रण सोडून पळतं. प्रत्यक्षात १६७३ मध्ये उमराणीला प्रतापराव गुजरांनी विजापूरच्या बहलोलखानाचं पाणी तोडून त्याला कोंडलं होतं. तो गयावया करू लागला तेव्हा त्याला जाऊ दिलं. महाराजांचा राग होता तो या सोडून देण्यावर. सभासदाच्या बखरीत निरोप आहे तो खानाला बुडवून फत्ते करा, नाहीतर तोंड दाखवू नका, अशा अर्थाचा. त्याच बखरीत नेसरीला मोठी लढाई झाली आणि प्रतापराव तलवारीच्या वारानं पडले एवढंच येतं, सातांचा आकडा येत नाही. तो सापडतो इंग्रजांच्या बाजूनं लिहिणाऱ्या नारायण शेणव्याच्या १६७४ च्याच पत्रात. दोन डोंगरांच्या मध्ये, सहा घोडेस्वारांसह. त्या सहांची म्हणून जी नावं सांगितली जातात ती मुलांना पाठ करायला लावू नका, त्याबद्दल जाणत्यांत एकमत नाही, असंही म्हणालात. नावं फळ्यावर लिहायला घेतलेला आमचा उत्साही विद्यार्थी थोडा हिरमुसला. चालायचंच.

पण ज्यासाठी आभार मानायचे ते पुढेच आहे. मुलं ‘झेलले भाले’वर मुठी वर करायची, जणू भाला फेकतायत. तुम्ही एका मुलाला बाकावर घोड्यावर टाकतात तशी मांड टाकायला लावलीत, डावा पाय रिकिबीत असल्यासारखा दप्तराच्या पट्ट्यात. वर बसल्यावर त्याचा हात मोकळा केलात आणि विचारलंत, “आता भाला कुठनं आला?” कुणी बोलेना. “झेलला म्हंजे कुणीतरी खालनं दिला न्हवं का? त्यो कोण?” मग तुम्ही दाराजवळच्या एका मुलाला लांबलचक फूटपट्टी दिलीत आणि ती वर फेकायला सांगितलीत. त्यानं फेकली, बाकावरच्यानं पकडली, आणि फेकणारा तिथंच उभा राहिला. त्याच्याकडे बोट दाखवून तुम्ही म्हणालात, “ह्यो ह्या वळीत न्हाई. पण पुढच्या कडव्यात हाय, नीट बघा.”

‘आश्चर्यमुग्ध टाकून मागुती सेना.’ आजवर ही ओळ आम्ही पुढच्या ओळीकडे पोहोचायचा जिना म्हणून गात आलो होतो. तुम्ही तिथं थांबवलंत. सेनापती सैन्य मागं टाकून निघाला, हे शिपायाच्या नजरेनं चुकलंच, त्याला डावपेच म्हणून पोरांना सांगू नका, म्हणालात. कवी तसं म्हणतही नाही. तो धैर्य गातो, शरम गातो आणि मागं उभ्या राहिलेल्यांनाही एका ओळीत उभं करतो. “सात जण गेले ते गेले. ज्यांनी भाले दिले त्यांनी रातच्याला काय केलं असंल, ह्ये मला पलटणीत असताना लई वेळा वाटायचं.” एवढं बोलून तुम्ही पाणी मागितलंत. तुमच्या नोकरीतलं काही सांगाल असं आम्हाला वाटलं होतं, पण तुम्ही थेट प्रतापरावांच्या फौजेतल्या आनंदरावांकडे वळलात. ते बिथरलेलं सैन्य त्यांनी कसं सावरलं, पुढं सरनोबती हंबीरराव मोहित्यांकडे कशी आली, आणि प्रतापराव पडले ते राज्याभिषेकाच्या आधी जेमतेम साडेतीन महिने. फेब्रुवारी १६७४ आणि जून १६७४ या दोन तारखा मुलांनी तोवर कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

शेवटच्या कडव्यावर तुम्ही आम्हाला हसवलंत तेही लिहिते. दगडांवर टाचा अजून दिसतील, असं कवी म्हणतो. “आमी लहानपणी गुरं घिऊन जायचो तवा लई शोधल्या. एक बी गावली न्हाई.” मग लगेच, “पण शोधायला लावल्या का न्हाई त्यानं?”

चाल आम्ही बदलली नाही, ती बदलणारे आम्ही कोण. पण गाण्याआधी त्याच सातवीतल्या पोरीनं पत्राचं कडवं नुसतं वाचलं, खवचट आवाजात, तुम्ही दाखवलं होतंत तसं. मुठी वर करणं बंद झालं. बारा मुलं रांगेत होती. सात जण पुढं आले, पाच मागंच उभे राहून गायले. शाहू स्मारकातल्या कार्यक्रमात मागच्या रांगेतून एक गृहस्थ येऊन विचारून गेले, ते पाच का हलले नाहीत? त्या पाचांपैकी एकानंच त्यांना उत्तर दिलं. तुम्ही ऐकायला हवं होतं.

तुमची वही माझ्याकडे आहे, झेरॉक्स काढून झाली. रविवारी सकाळी घेऊन येते. काकूंना म्हणावं, नाष्टा करून ठेवू नका, मिसळ मी आणते.

आपली,
समूहगानाच्या बाई
कोल्हापूर