तपासणीच्या दिवशी पालक शाळेत हवेत

मा. संपादक,

शाळकरी मुलांच्या आरोग्याची बातमी छापून येते ती बहुधा पोषण आहारातून विषबाधा झाली की. चार दिवस धावपळ होते, नोटिसा निघतात आणि विषय मागे पडतो. त्या बातमीतला पालक दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा असतो. त्याआधी तो शाळेत का नव्हता, हे एक आई आणि शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य म्हणून मला विचारावेसे वाटते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या या समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असे ठरवून दिले आहे. म्हणजे बहुमत आपलेच आहे. पण अनेक ठिकाणी बैठक होते ती रंगरंगोटी, कुंपण आणि गणवेशाच्या खर्चावर सह्या करण्यापुरती. खासगी शाळांच्या पालक-शिक्षक संघात फी आणि स्नेहसंमेलन यांपलीकडे विषय क्वचितच जातो. मुलांच्या तब्येतीवर अर्धा तास बोलणे झाले, असे इतिवृत्त मी अजून वाचलेले नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तो आपल्याच पालघरमधून. या कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. डोळे, दात, कान, त्वचा, रक्तक्षय, हृदयाचे दोष, सगळे पाहिले जाते. पुढचे उपचार, अगदी हृदयाची शस्त्रक्रियासुद्धा, मोफत होते. इतकी चांगली योजना अडते ती दोन जागी, आणि दोन्ही जागी पालकच उपयोगी पडू शकतो.

पहिली जागा म्हणजे तपासणीचे टेबल. डॉक्टर विचारतात, “काही त्रास होतो का?” आणि मूल मान हलवून “नाही” म्हणते. ते रात्री कितीदा खोकते, जिना चढताना त्याला धाप लागते का, मुलीला पाळीत किती रक्तस्राव होतो, घरात कुणाला क्षयरोग होता का, हे आईलाच माहीत असते. चाळीस मुलांच्या वर्गशिक्षकांना ते कसे सांगता येईल? ज्यांना मजुरी बुडवून येणे परवडत नाही, त्यांच्या घरातून आजी आली तरी चालेल. तेही जमले नाही तर आदल्या दिवशी एका कागदावर चार ओळी लिहून द्याव्यात.

दुसरी जागा म्हणजे पुढच्या उपचाराची चिठ्ठी. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा, असे लिहून मुलाच्या हाती दिलेली ती चिठ्ठी दप्तरात चुरगळते. घरी पोहोचलीच तरी एसटीचे भाडे, एका दिवसाचा रोजगार आणि ऑपरेशनची धास्ती यांत महिने निघून जातात. समितीने दर बैठकीत एवढेच विचारावे : किती मुलांना चिठ्ठ्या दिल्या, किती जाऊन आली, उरलेली का गेली नाहीत? नावे चारचौघांत वाचू नयेत, मुलींच्या बाबतीत तर मुळीच नाही. पण ज्या घराला सोबत हवी आहे, तिथे समितीतल्या कुणीतरी जायलाच हवे. जिल्हा रुग्णालयात केसपेपर कुठे काढायचा हे माहीत असलेला माणूस बरोबर असला, की निम्मी भीती तिथेच संपते.

लोहाच्या साप्ताहिक गोळ्यांचेही असेच. एखाद्या मुलाला मळमळले की गावभर अफवा पसरते आणि आयाच सांगतात, “गोळी घेऊ नकोस.” राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे, तिथे ही अफवा फार महागात पडते. गोळी जेवणानंतर घ्यावी, तिच्यावर लगेच चहा पिऊ नये, शौचाला काळे झाले तर घाबरू नये, हे शिक्षकांपेक्षा शेजारच्या आईने सांगितले तर लवकर पटते.

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. वरणात डाळ किती आणि पाणी किती, हे रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला एका घासात कळते. म्हणून चव नोंदवहीत पालकांच्या सह्या आठवड्यातून एकदा तरी दिसाव्यात, आणि त्या खाऊन केलेल्या असाव्यात. जाता जाता मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, कडी लागते का, तेही पाहावे. कडी नसली की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि पुढे लघवीच्या जळजळीने आजारी पडतात.

शिक्षण आणि आरोग्य या दोन्ही विभागांना माझी विनंती आहे, की पथक येण्याची तारीख निदान आठ दिवस आधी पालकांना कळवावी आणि त्या दिवशी त्यांना शाळेत बसू द्यावे. ऊसतोड कामगारांच्या तालुक्यांत ही तपासणी दिवाळीपूर्वीच उरकावी. त्यानंतर आलेल्या पथकाला आई-वडिलांबरोबर फडावर गेलेली मुले भेटत नाहीत, आणि सर्वांत जास्त गरज त्यांनाच असते.

आपली,
एक पालक, जि. बीड